उशीर चालेल, पण परतीची वाट ठेवा

प्रति,
भारतात स्मार्टफोन विकणाऱ्या सर्व कंपन्यांच्या सॉफ्टवेअर विभागांचे प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

बार्शीत बाजारपेठेतल्या एका बोळात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दहा बाय आठचा गाळा, एक मायक्रोस्कोप, एक हॉट एअर गन, दोन जुने कॉम्प्युटर आणि काउंटरवर कायम पाच-सहा उघडे पडलेले फोन. बारा वर्षं हेच करतोय. तुमच्या इंजिनिअरांना मी माहीत असण्याचं काही कारण नाही. त्यांचं काम मात्र दर आठवड्याला माझ्याकडे येतं, बहुतेक वेळा लोगोवर अडकलेलं.

गेल्या खरिपात वैरागकडचा एक शेतकरी सकाळी मी शटर वर करायच्या आधीच दारात उभा होता. रात्री फोन चार्जिंगला लावून झोपला, सकाळी पाहतो तर स्क्रीनवर नुसतं कंपनीचं नाव. बटण दाबलं की जातं, पुन्हा येतं, पुन्हा जातं. "मी काहीच केलं नाही हो, हात पण लावला नाही," असं तो चार वेळा म्हणाला. खरंच होतं ते. मोठं अपडेट आलं होतं. दोन दिवस त्याने ‘नंतर’, ‘नंतर’ दाबलं आणि तिसऱ्या रात्री फोनने ते आपणहून घेतलं.

"सॉफ्टवेअर मारून द्या, पण डेटा जाऊ देऊ नका." आमच्या धंद्यात रोज कानावर पडणारं हे वाक्य. त्याची सोयाबीन-तुरीची ई-पीक पाहणी, म्हणजे सरकारी ॲपवरची पिकाची नोंद, राहिली होती, मुदत संपत आली होती. ती आम्ही त्याच्या पुतण्याच्या फोनवरून उरकली. पण उडदाच्या विक्रीच्या पट्ट्या, म्हणजे हिशोबाच्या पावत्या, त्या बंद फोनमध्ये होत्या. आडत्याने दिलेली कागदी पट्टी खिशात घामाने पुसट होते, म्हणून तो प्रत्येक पट्टीचा फोटो काढून ठेवायचा. शहाणा माणूस. तीन क्विंटलच्या हिशोबावरून वाद लागला होता आणि पुरावा होता त्या फोनच्या पोटात.

ते फोटो मला काढता आले नाहीत. दुसऱ्या कोणाला आले असते असंही नाही. पूर्वी बोर्ड मेला तर मेमरीचा आयसी, म्हणजे चिप, उतरवून रीडरवर बसवला की निदान फोटो तरी निघायचे. अँड्रॉइड 10 पासून नव्या फोनमधला डेटा कुलूपबंद असतो आणि किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरमध्ये. चोराच्या हाती फोन गेला तर हे उत्तमच, त्याबद्दल तक्रार नाही. पण याचा दुसरा अर्थ असा, की अपडेट घेताना फोन मरणं पूर्वीपेक्षा कितीतरी महाग पडतं. आता फोन गेला की आतलंही सगळं गेलं.

सत्तर किलोमीटरवर सोलापूरला अधिकृत सर्व्हिस सेंटर आहे, तिथे तो गेला. उत्तर मिळालं: मदरबोर्ड गेलाय, वॉरंटी संपलीय, साडेसात हजार होतील. फोन घेतला होता तेरा हजारांना. मी त्या कंपनीला तीन ईमेल पाठवले. तिन्हींना एकच उत्तर आलं, इंग्रजीत, आमच्यासाठी ग्राहकांचं समाधान किती महत्त्वाचं आहे असं सांगणारं. आता त्याच कंपनीचं पुढचं मोठं अपडेट येऊ घातलंय. जाहिरातीत नवे आयकॉन आहेत, एआयने फोटोतली माणसं पुसून दाखवलीत. मागच्या वेळी जे झालं त्याबद्दल एक ओळ नाही. गप्प बसवेना, म्हणून हे पत्र. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे लिहिलेलं कमी-अधिक फरकाने तुम्हा सगळ्यांनाच लागू पडतं.

गिऱ्हाईक मला दोन प्रश्न विचारतात. अपडेट सांगितलेल्या तारखेला येईल का? आणि आलं तर टाकू का? पहिल्याला माझं उत्तर "आलं तर आलं", दुसऱ्याला "पहिले पंधरा दिवस हात लावू नका". ज्याच्या पोटाची भाकरी दुरुस्तीवर आहे तो माणूस लोकांना तुमच्या मालापासून पंधरा दिवस लांब ठेवतो, यावरून काय ते समजा.

हे उगाच म्हणत नाही. 24 सप्टेंबर 2014 ला ॲपलने आयओएस, म्हणजे आयफोनचं सॉफ्टवेअर, त्याची 8.0.1 ही आवृत्ती काढली आणि नव्याकोऱ्या आयफोन 6 चं नेटवर्क गेलं, बोटाचा ठसाही चालेना. काही वेळातच ते मागे घ्यावं लागलं, दुसऱ्या दिवशी 8.0.2 आलं. 2019 मध्ये आयओएस 13 आलं 19 सप्टेंबरला आणि त्याची डागडुजी करणारं 13.1 आलं 24 ला. पाच दिवस. हे पाच दिवस थांबता आलं नसतं का? नसतं, कारण 20 तारखेला आयफोन 11 दुकानात लागायचा होता. तारीख सॉफ्टवेअर पिकलंय की नाही हे बघून ठरत नाही, खोकं कधी विकायचंय त्यावर ठरते. आंबा कच्चा असताना पेटी भरून बाजारात पाठवायचा आणि घरी आढीत घाला म्हणायचं, तशातला प्रकार.

शाओमीचा एमआय ए 3 आठवतो? अँड्रॉइड वन योजनेतला फोन. त्याची मुख्य जाहिरातच ही, की साधं स्वच्छ अँड्रॉइड आणि वेळेवर अपडेट. जानेवारी 2021 मध्ये अँड्रॉइड 11 चं अपडेट घेतलं आणि कित्येकांचे फोन जागच्या जागी मेले. लोगोसुद्धा नाही, नुसता काळा दगड. इथे एक गोष्ट मात्र कंपनीच्या बाजूने सांगायला हवी: अपडेट थांबवलं आणि वॉरंटी असो-नसो, सर्व्हिस सेंटरमध्ये दुरुस्ती करून देऊ असं जाहीर केलं. ते शक्य असतं, एवढं लक्षात ठेवा. पुढे मागण्यांत तेच मागणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, म्हणूनच आम्ही घाई करत नाही. तर उशिराची गोष्टही ऐका. गुगलने अँड्रॉइड 15 चा कोड 3 सप्टेंबर 2024 ला खुला केला, स्वतःच्या पिक्सेल फोनवर ते 15 ऑक्टोबरला दिलं. सॅमसंगने त्यावर बेतलेल्या वन यूआय 7 ची बीटा चाचणी (कच्ची आवृत्ती हौशी लोकांकडून वापरून घेणं) 5 डिसेंबरला सुरू केली, भारतातही. फेब्रुवारी 2025 मध्ये नवे एस 25 फोन तेच सॉफ्टवेअर घेऊन बाजारात आले. आधीच्या वर्षीचा एस 24, जो लोकांनी लाखभर रुपये मोजून घेतला होता, तो थांबला 7 एप्रिलपर्यंत. एवढी वाट पाहून आलं ते तरी धड? आठवड्याभरात ते वाटणं थांबवावं लागलं, कारण कोरियात काही फोन अपडेटनंतर अनलॉकच होईनात. दुरुस्त करून पुन्हा सोडलं. जुन्या फोनांपर्यंत ते झिरपेपर्यंत मे-जून उजाडला आणि 10 जूनला गुगलने अँड्रॉइड 16 काढलंसुद्धा. म्हणजे वाढपी ताटापर्यंत पोचला तोवर पुढच्या पंगतीची पानं मांडून झाली होती.

तरीही उशिराबद्दल माझा राग कमी आहे, हे आधीच सांगतो. उशीर का होतो ते मला कळतं. गुगलचा कोड आला की क्वालकॉम नाहीतर मीडियाटेकला आपापल्या चिपसाठी तो बसवावा लागतो, मग तुम्ही त्यावर तुमचा साज चढवता, मग प्रत्येक मॉडेलचा कॅमेरा, मोडेम, फिंगरप्रिंट वेगळा, मग देशोदेशीच्या नेटवर्कवर चाचण्या. 2017 मध्ये गुगलने प्रोजेक्ट ट्रेबल आणून चिपचा भाग आणि वरचा भाग वेगळा केला, त्याने काम हलकं झालं, संपलं नाही. एका कंपनीची शंभर मॉडेलं असतील तर शंभर वेळा हे दळण दळावं लागतं. (शंभर मॉडेलं काढायला कोणी सांगितलं होतं, हा प्रश्न मी गिळतो.) तेव्हा लावा वेळ. माझी गाऱ्हाणी वेगळी आहेत.

पहिलं गाऱ्हाणं: तुम्ही विचारत नाही, लादता. अपडेटच्या सूचनेवर ‘आता’ असतं, ‘नंतर’ असतं, ‘नको’ कुठेच नसतं. त्यातही दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एकाच पिशवीत घालता. दर महिन्याचा सुरक्षेचा पॅच, म्हणजे चोरवाटा बुजवणारी छोटी दुरुस्ती, हा औषधासारखा आहे, तो वेळेवर गेलाच पाहिजे, लोकांनी तो टाळू नये असं मीही सांगतो. आवृत्ती बदलणं म्हणजे घराची भिंत पाडून पुन्हा बांधणं. औषध पाजायचं आहे म्हणून भिंतही पाडू द्या, असं कोणी म्हणेल का? तुम्ही म्हणता.

आणि वाटप टप्प्याटप्प्याने होतं हे काउंटरवरच्या माणसाला माहीत नसतं. आधी थोड्या फोनांना सोडायचं, काही बिघडतंय का बघायचं, मग बाकीच्यांना. पद्धत शहाणपणाची आहे. पण त्या पहिल्या थोड्या लोकांना कोणी सांगितलं की बाबांनो, तुम्ही पुढे चालताय, खड्डा असेल तर तुमच्या पायाखाली निघेल? बीटावाला माणूस स्वतःहून नाव नोंदवतो, बँकेचं ॲप चालणार नाही हेही त्याला ठाऊक असतं. वैरागच्या माणसाने नाव नोंदवलं नव्हतं. त्याच्या फोनवर ‘स्टेबल’ लिहून आलं होतं.

दुसरं: तुम्ही सांगता ते काही कळण्यासारखं नसतं. ‘बग दुरुस्त केले, स्थिरता सुधारली.’ कोणता बग? कोणाची स्थिरता? मराठीत लिहिलेलं असेल तर त्याहून अवघड. एकदा मी स्वतः ती सूचना मराठीत वाचायला घेतली आणि शेवटी भाषा बदलून इंग्रजी केली. तीन-चार जीबीचं अपडेट असतं, रिचार्ज रोज दीड जीबीचा. अर्ध्यावर डेटा संपला, रात्री लाइट गेली, फोन अठरा टक्क्यांवर आला, हे सगळं आमच्याकडे रोजचं आहे. तुमच्या चाचण्यांच्या यादीत ते आहे का?

तिसरं गाऱ्हाणं खरं मोठं. परत जाता येत नाही.

माझ्या दुकानातलं हे रोजचं दुखणं आहे. "भाऊ, आधीचंच बरं होतं, जुनं टाकून द्या." जुनी फाइल माझ्याकडे असते, केबल असते, टूल असतं. पण फोन घेत नाही. प्रोसेसरच्या आत बारीक फ्यूज असतात. कंपनीने तसं ठरवलेलं नवं सॉफ्टवेअर बसलं की त्यातला एक जाळला जातो, मोजणी एकाने वाढते आणि त्याखालचा आकडा असलेलं सॉफ्टवेअर फोन नाकारतो. आम्ही दुकानदार म्हणतो, "बायनरी वाढली." जबरदस्ती केली तर होता तोही फोन जातो. 2018 मध्ये रेडमी नोट 5 प्रो वर जुनी आवृत्ती टाकायला गेलेल्या अनेकांनी आपले फोन असेच घालवले. ऑगस्ट 2022 मध्ये गुगलनेही पिक्सेल 6 मालिकेवर अँड्रॉइड 13 घेतल्यावर 12 वर परतायचं दार बंद केलं.

यामागचं कारण मला मान्य आहे. जुन्या आवृत्तीत भोक असेल तर चोर फोन मागे नेऊन त्याच भोकातून आत शिरेल. ठीक. पण मग ती फ्यूज अपडेटच्या त्याच रात्री जाळायची घाई का? माणसाला चार आठवडे वापरून बघू द्या, मग जाळा. दुसरी अडचणही ठाऊक आहे: आतला डेटा नव्या साच्यात गेला की जुन्या आवृत्तीला तो वाचता येत नाही. मग आधी बॅकअप घ्यायला लावा, त्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. विंडोज 10 मध्ये अपडेटनंतर मागे जायला सुरुवातीला तीस दिवस मिळायचे, पुढे ते दहा केले. तरी दहा दिवस आहेतच. कॉम्प्युटरला जमतं ते लाखाच्या फोनला का जमू नये?

अर्धी सोय तर तुमच्याच घरात आहे. अँड्रॉइड 7 पासून, म्हणजे 2016 पासून, फोनमध्ये सॉफ्टवेअरचे दोन खण ठेवायची पद्धत आहे. एका खणात चालू आवृत्ती, दुसऱ्यात नवी भरायची, नवी उठलीच नाही तर फोन आपोआप जुन्या खणावर परततो. तुमच्यातल्या अँड्रॉइडवाल्यांत जगात सगळ्यात मोठ्या कंपनीने, सॅमसंगने, ही सोय पहिल्यांदा दिली 2024 च्या ए 55 मध्ये आणि वरच्या मालिकेत 2025 च्या एस 25 मध्ये. आठ-नऊ वर्षांनी. जागा जास्त लागते म्हणे. कॅमेऱ्यांसाठी पाठीवर चार चार भोकं पाडायला जागा सापडते.

परतीची वाट हा माझा हट्ट नाही. 2018 मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने सॅमसंगला 50 लाख युरो आणि ॲपलला 1 कोटी युरो दंड केला. गॅलेक्सी नोट 4 आणि आयफोन 6 या फोनांवर त्यांना न पेलणारी अपडेट घ्यायला लावली, हा आरोप. त्यात हेही धरलं, की फोन मंदावल्यावर तो पूर्ववत करून घ्यायचा धड मार्ग ग्राहकाला दिला नाही. मी सोलापूर जिल्ह्यातला दुरुस्तीवाला जे म्हणतोय तेच त्यांनी मोठ्या कागदावर लिहिलं.

चौथं: दोष तुमचा, शिव्या मला. फोन अपडेटने गेला हे सिद्ध कोण करणार? सर्व्हिस सेंटर म्हणतं बोर्ड जुना झालाय. गिऱ्हाईक म्हणतं काल रात्रीपर्यंत चालत होता. दोघंही खरं बोलत असतात, आणि इथे मी तुमच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर पत्र एकांगी होईल. प्रत्येक बिघाड अपडेटचा नसतो. चार वर्षं काठोकाठ भरून वापरलेली स्वस्त मेमरी आधीच झिजलेली असते, एकदम चार जीबी लिहायला घेतले की ती मान टाकते. एकदा पडलेल्या फोनमध्ये प्रोसेसरखालचा टाका सुटत आलेला असतो, अपडेटच्या वेळी अर्धा तास तापला की पूर्ण सुटतो. अपडेटनंतर दोन दिवस बॅटरी भराभर उतरते तेही बहुधा आतली आवराआवर चालू असते म्हणून. मी लोकांना थांबायला सांगतो, नव्या बॅटरीचे पैसे घेत नाही. (घेणारे आहेत.) पण फोन किती भरलाय, किती तापतोय, मेमरी किती झिजलीय, हे फोनला स्वतःला कळतं. अपडेटच्या आधी त्याने ते तपासून "मला झेपणार नाही" म्हणायला काय हरकत आहे? शिडीवर चढवण्याआधी म्हाताऱ्याचा गुडघा विचारतात की नाही?

स्क्रीनवरच्या हिरव्या रेषेचं तेच झालं. अपडेट घेतलं आणि उभी हिरवी रेष आली, अशी माणसं माझ्याकडे रांगेने आली आहेत. सॉफ्टवेअरने आली की उष्णतेने जोड सुटला, यावर वाद घालत बसता येईल. पण 2024 मध्ये सॅमसंगने भारतात काही मॉडेलांची स्क्रीन एकदा फुकट बदलून दिली आणि वनप्लसने हिरव्या रेषेसाठी स्क्रीनची आजीवन हमी जाहीर केली, ती लोक ओरडले म्हणूनच. जे ओरडले नाहीत त्यांनी माझ्याकडे येऊन पैसे भरले. ते पैसे मी घेतले, हेही खरं.

पाचवं, थोडक्यात. महागड्या फोनला सात वर्षं अपडेटचं वचन. पिक्सेल 8 ने 2023 मध्ये दिलं, एस 24 ने 2024 मध्ये. माझ्या काउंटरवर येतो तो दहा-बारा हजारांचा फोन, त्याच्या खोक्यावर एक तारीख सापडत नाही. आणि कामाचा भार त्याच्यावरच. 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले ते आठवत असेल. दोन जीबी रॅम, हँग होणारा फोन आणि त्यावर पोषण ट्रॅकर हे मुलांच्या पोषणाच्या नोंदींचं सरकारी ॲप भरायचं. गरिबाचा फोन आधीच धापा टाकत असतो, त्याला सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी तपासलेलं अपडेट मिळतं.

तुम्हाला चांगलं करता येत नाही असं मुळीच नाही. 2018 मध्ये ॲपलने आयओएस 12 काढलं तेव्हा भर होता तो जुने फोन जलद करण्यावर. 2013 च्या आयफोन 5 एस पर्यंत ते दिलं. त्या हंगामात "आयफोन स्लो झालाय, बॅटरी बदला" म्हणत येणारे कमी झाले, माझं थोडं नुकसानच झालं. असं नुकसान दर वर्षी झालं तरी चालेल.

तर मागण्या अशा.

तारीख जाहीर करायची तर मॉडेलचं नाव घालून करा, ‘लवकरच’ म्हणू नका. ती चुकली तर दोन ओळींत कारण सांगा. उशीर केलात म्हणून मी तुमच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही, माझ्या गिऱ्हाइकांनाही समजावेन.

सुरक्षेचा पॅच आणि आवृत्तीबदल वेगळे करा. आवृत्तीबदलाच्या सूचनेवर ‘नको’ हे बटण द्या. पहिल्या टप्प्यातल्या माणसाला तो पहिल्या टप्प्यात आहे हे सांगा आणि त्याची परवानगी घ्या.

आवृत्तीबदलाआधी बॅकअप आणि फोनची तब्येत तपासणं सक्तीचं करा. नंतर किमान तीस दिवस परत जायची सोय ठेवा. फ्यूज त्यानंतर जाळा.

अपडेट घेतल्यापासून तीस दिवसांत फोन सुरूच होईना झाला, तर वॉरंटी न बघता बोर्ड फुकट बदलून द्या. दोष अपडेटचा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची, वैरागच्या शेतकऱ्याची नाही.

सुरक्षेची अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार ते खोक्यावर छापा. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून किमान मुदत सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. युरोपीय संघाने 20 जून 2025 पासून मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही पाच वर्षं अपडेट फुकट द्यायचा नियम लावला, सुरक्षेच्या अपडेटला चार महिने आणि नव्या आवृत्तीला सहा महिने ही कमाल मर्यादाही घातली. तेच फोन, त्याच कंपन्या. तिथे जमतं ते इथे छापायला शाई संपते का?

आणि एक आमच्या जातभाईंसाठी. मूळ सॉफ्टवेअर फाइली दुरुस्तीवाल्यांना अधिकृतपणे द्या. आज आम्ही त्या कुठून कुठून उतरवतो, त्यात काय मिसळलेलं असतं ते देवाला ठाऊक. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं, तिथे तुमची नावं आहेत, पत्ते आहेत. फाइलीही ठेवा.

या पत्राची प्रत दिल्लीला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे पाठवतोय. जानेवारी 2025 मध्ये आयओएस 18 नंतरच्या तक्रारींवरून त्यांनी ॲपलला नोटीस काढली होती, म्हणजे अपडेटने बिघडलेला फोन हा त्यांच्या अखत्यारीतला विषय आहे हे त्यांनीच मान्य केलंय. माझ्या काउंटरवर आता 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मोठ्या अक्षरात चिकटवलाय. अपडेटने गेलेला फोन घेऊन कोणी आलं, की आधी तो नंबर लावून देतो आणि मग स्क्रू उघडतो.

वैरागचा तो फोन अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. आडत्याशी त्याने निम्म्यावर तोडलं. माझ्याकडूनच एक सेकंडहँड फोन नेला आणि नेण्याआधी काउंटरवर उभं राहून सगळी अपडेट बंद करून घेतली. याने सुरक्षेचे पॅचही बंद होतील, बँकेचं ॲप आहे त्यात, असं मी सांगितलं. "असू द्या," म्हणाला, "बंद म्हणजे बंद."

कळावे,

आपला,
बार्शीतला एक मोबाईल दुरुस्तीवाला

प्रत: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली